फ्रान्सच्या लॉत खोऱ्यातील पायी भटकंती, तिथले जेवण आणि काओरची वाइन

सह्यवाटा

मंडळी, फ्रान्सच्या ग्रामीण भागात जाणाऱ्या मराठी माणसांचे बेत वाचले की त्यात प्रोव्हान्समधली लव्हेंडरची शेते, ल्वारकाठचे राजवाडे आणि बोर्दोच्या वाइन-सहली हमखास असतात. तुलूझच्या उत्तरेला असलेल्या लॉत जिल्ह्याचे नाव मात्र क्वचितच दिसते. डोंगरवाटांची सवय असलेल्या माणसाला हा मुलूख इतका भावेल की त्यावर सविस्तर लिहायलाच हवे असे वाटले, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की हा प्रदेश पायी पाहावा, कारण ताटात आणि पेल्यात जे येते ते सगळे चालता चालता आधी वाटेवर भेटलेले असते.

लॉत ही मूळची नदी, आणि तिच्यावरूनच जिल्ह्याला नाव पडले आहे. चुनखडीचे पठार कापत ती मोठमोठी वळणे घेत पश्चिमेला जाते. या पठाराला तिथे ‘कॉस’ म्हणतात. चुनखडीत पाणी ठरत नाही, ते मुरून खाली गुहांत आणि भूमिगत नद्यांत जाते. त्यामुळे पठारावर खुरटे ओक, ज्युनिपरची झुडपे आणि मैलोनमैल दगडी गडगे दिसतात. चुना-माती न वापरता रचलेले हे गडगे पाहून कोकणातल्या माणसाचे पाय थबकल्यावाचून राहणार नाहीत. मधूनच मेंढपाळांच्या गोल दगडी खोपी लागतात. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेल्या ‘कोसनार्द’ मेंढ्या आणि शेळ्या या कोरड्या माळावर जगतात. खाली खोऱ्यात गाळाची जमीन आहे, तिथे अक्रोड आणि द्राक्ष पिकते. वरचा मुलूख मांस आणि चीज देतो, खालचा तेल आणि वाइन देतो. तिथले जेवण बहुतांशी या एका गोष्टीवर उभे आहे.

चालण्याची मुख्य वाट म्हणजे जीआर ६५ (जीआर म्हणजे खुणा केलेली लांब पल्ल्याची पायवाट). ल प्वी येथून निघून स्पेनमधल्या सान्तियागोकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा हा जुना मार्ग फिजाक, काजार्क आणि लिमोन्य या गावांवरून काओर या लॉतच्या मुख्य शहरात येतो. पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांची खूण झाडांवर, खांबांवर आणि दगडांवर सतत भेटत राहते. त्याच दोन रंगांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही असे समजावे. मला स्वतःला मात्र सेले नदीच्या खोऱ्यातून जाणारी पर्यायी वाट, जीआर ६५१, अधिक आवडते. ती एस्पान्याक, मार्सियाक आणि काब्रेरे या लहान गावांमधून कड्यांच्या पायथ्याने आणि माथ्याने जाते आणि बुझिएसजवळ लॉतच्या खोऱ्यात उतरते.

बुझिएसपासून सँ-सिर्क-लापोपीपर्यंतची नदीकाठची वाट कोणीही चुकवू नये. ती तास-दीड तासाची सोपी चाल आहे. एके ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरतो, आणि तिथे १८४०च्या दशकात कड्याच्या पोटातच वाट कोरून काढली आहे. उजव्या हाताला भिंत, डोक्यावर पुढे झुकलेला खडक आणि डाव्या हाताला नदी अशा त्या भागातून जाताना उंच माणसाला मान जपावी लागते. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्या दोरखंडाने ओढण्यासाठी ही वाट होती. काओरची वाइन याच नदीने पिंपांतून बोर्दोच्या बंदराकडे जात असे. पुढे खडकातच दानिएल मोनिए या तुलूझच्या शिल्पकाराने केलेले लांबलचक उठावशिल्प आहे. तिथून वर चढून गावात पोहोचल्यावर खाली नदीचे संपूर्ण वळण दिसते.

मुक्कामासाठी ‘जीत देताप’ म्हणजे वाटसरूंचे साधे निवास आहेत. तिथे झोपण्याची जागा, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी एकत्र ठरवता येते. रात्री सगळे एकाच लांब टेबलावर बसतात. आधी लसणाचे किंवा भाज्यांचे सूप येते, आणि सूप संपत आले की जुनी माणसे ताटलीत उरलेल्या रश्श्यात लाल वाइन ओततात, ताटली दोन्ही हातांनी उचलतात आणि तोंडाला लावतात. या प्रथेला ‘शाब्रो’ म्हणतात. नंतर बदकाचे मांस स्वतःच्याच चरबीत मंद शिजवून टिकवलेले ‘कोंफी’ किंवा केर्सीचे (हे या मुलखाचे जुने नाव) कोकरू, मग चीज आणि शेवटी गोड पदार्थ असा क्रम असतो.

चीजबद्दल थोडे अधिक लिहितो. रोकामादूर हे शेळीच्या कच्च्या दुधाचे चीज सुमारे ३५ ग्रॅमचे, तळहातावर मावेल अशा चपट्या चकतीचे असते. त्याला १९९६ मध्ये संरक्षित नामांकन मिळाले, म्हणजे ठरावीक प्रदेशात ठरलेल्या नियमांनी केलेल्या मालालाच ते नाव लावता येते. बाजारात एकाच विक्रेत्याकडे ते वेगवेगळ्या वयाचे मांडलेले असते, आणि हे वय चाखून पाहण्यासारखे आहे. कोवळी चकती पांढरी, ओलसर आणि किंचित आंबूस लागते. थोडे दिवस गेले की साय पिवळसर होते, आत सुरी घातली तर गाभा ओघळतो आणि अक्रोडाचा वास येतो. अजून मुरली की ती आक्रसते, टणक होते आणि जिभेला चावरी लागते. मधल्या अवस्थेतली चकती पावावर ठेवून भट्टीत गरम करतात आणि अक्रोडाचे तेल घातलेल्या हिरव्या पानांवर वाढतात. दिवसभर चालून आल्यावर याहून चांगले जेवण मला ठाऊक नाही.

वाइनबद्दल जाणकारांनी लिहावे, मी वाटेबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देईन.

तुलूझकर

उत्तम धागा. मी नोकरीनिमित्त तुलूझला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या बाजूला वरचेवर जातो, म्हणून व्यवहाराच्या काही गोष्टींची भर घालतो.

मोटार नसली तरी लॉतला जाता येते. पॅरिस-लिमोज-तुलूझ या रेल्वेमार्गावर काओर हे स्थानक आहे. काओरहून फिजाककडे नदीकाठाने बस जाते. ती बुझिएसवरून आणि सँ-सिर्कच्या पायथ्याशी असलेल्या तूर-द-फोरवरून काजार्कला जाते. फेऱ्या मोजक्या असल्यामुळे आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून ठेवावे, विशेषतः रविवारी.

काळ निवडताना मे, जून आणि सप्टेंबर हे महिने धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये कॉसवर पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि सावलीला मोठे झाड नसते. सँ-सिर्क-लापोपी हे गाव २०१२ मध्ये फ्रेंच लोकांनी आपले सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले, तेव्हापासून ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. मूळ लेखकाने त्या गावाची शिफारस केली आहे ती मला मान्य आहे, परंतु दुपारी तिथे पोहोचणे टाळावे. तिथेच मुक्काम करावा, म्हणजे संध्याकाळी सहल-बस निघून गेल्यावर गाव खऱ्या अर्थाने पाहता येते.

पाण्याची काळजी सह्याद्रीतल्या उन्हाळी ट्रेकइतकीच घ्यावी. पठारावर ओढे नाहीत. गावाच्या दफनभूमीत सहसा नळ असतो आणि तिथले सगळे वाटसरू तिथेच बाटल्या भरतात. पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, तेवढे पाहावे. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा अंगावर भडक रंगाचे काहीतरी असू द्यावे. गवतातून चालल्यावर संध्याकाळी पायांवर गोचीड नाही ना हे तपासावे.

अन्नपूर्णा_पुणे

लेख वाचून जावेसे वाटले, परंतु आमच्या घरी दोघे पूर्ण शाकाहारी आहेत आणि सासूबाई अंडेही खात नाहीत. बदकाच्या चरबीच्या या मुलखात आमच्यासारख्यांनी खायचे काय? कृपया स्पष्ट सांगावे.

सह्यवाटा

ताई, आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून सांगणे योग्य होणार नाही. हा प्रदेश बदकाचा आहे. बटाटे बदकाच्या चरबीत तळतात, सूपला अनेकदा हाडांचा किंवा खारवलेल्या मांसाचा आधार असतो, आणि ‘केर्सीचे सॅलड’ मागवले तर त्यात बदकाचे गिझर्ड असतात. चीजच्या बाबतीतही हे सांगायला हवे, की रोकामादूरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या किंवा करडाच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विक्रेत्याला वनस्पतिजन्य रेनेटचे चीज आहे का असे विचारावे.

तरीही उपाशी राहण्याची वेळ येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी एक-दोन दिवस आधी फोन करून मांस, मासे आणि बदकाची चरबी चालत नाही असे तिन्ही शब्द उच्चारून सांगावे, कारण केवळ ‘शाकाहारी’ म्हटले तर चरबीत परतलेले बटाटे बिनमांसाचे समजून वाढले जातात. अंडे चालणाऱ्यांना रानातल्या अळिंबीचे ऑम्लेट मिळते. सासूबाईंसाठी स्वयंपाकघर वापरू देणारा निवास घेणे सर्वांत सोयीचे. काओरला बुधवारी आणि शनिवारी सकाळी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. तिथे उन्हाळ्यात केर्सीचे खरबूज, टोमॅटो, घेवडा, ताजा लसूण आणि स्ट्रॉबेरी मिळतात. अक्रोडाचे तेल मात्र लहान बाटलीत घ्यावे. दगडी घाण्यात गर वाटून, तो बिडाच्या कढईत गरम करून मग दाबतात, त्यामुळे भाजलेल्या अक्रोडाचा वास तेलात उतरतो. ते तापवू नये. उकडलेल्या बटाट्यावर मीठ, लसूण आणि हे तेल घालून पाहावे, सासूबाईंना नक्की आवडेल. उघडल्यावर ते लवकर खवट होते, म्हणून थंड जागी ठेवावे.

बागाईतदार_निफाड

राम राम मंडळी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षबाग आहे. खाण्याची द्राक्षे आहेतच, शिवाय काही एकर वाइनच्या वाणांखाली आहेत. मी स्वतः वाइन घेत नाही, पण बागेची माहिती हवी आहे. तिकडे छाटणी केव्हा होते, पाणी कसे देतात, आणि अवकाळीचे नुकसान तिकडेही आहे का?

ओकचे_पिंप

दादा, मी वाइन उद्योगात काम करतो आणि काओरच्या मळ्यांत हंगामभर राहिलो आहे, म्हणून उत्तर देतो.

आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण वेल कधी झोपतच नाही. तिकडे थंडीत वेल पूर्ण सुप्त असतो, पाने गळतात आणि हिवाळ्यात एकदाच छाटणी होते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते, त्यामुळे तिकडची तोडणी पाहायला जाण्यास आपल्या बागाईतदाराला गोड्या बहाराची घाई सुरू होण्याआधी निघावे लागेल. नामांकित क्षेत्रात सिंचनावर कडक बंधने आहेत. ठिबकवर वेल वाढवण्याची आपली पद्धत तिकडे नाही.

अवकाळीबद्दल विचाराल, तर तिकडचा शत्रू म्हणजे वसंतातला दहिवर. कोवळे डोळे फुटल्यावर एका रात्रीत तापमान शून्याखाली गेले की वर्षाचे पीक जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर असे झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये काओरला पुन्हा जबर फटका बसला. बागाईतदार रात्रभर ओळींमध्ये मेणाच्या मोठ्या पणत्या पेटवतात, पंखे लावतात. गारपिटीची धास्ती आपल्याइतकीच आहे. फेब्रुवारी १९५६ मधली थंडी तर अशी होती की काओरचे मळे जवळजवळ संपूर्ण मेले. त्याआधी एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने मळे उद्ध्वस्त केले होतेच. १९५६ नंतर लोकांनी माल्बेक हा वाण मुख्य धरून पुन्हा लागवड केली आणि १९७१ मध्ये नामांकन मिळवले. आजच्या नियमानुसार काओरच्या नामांकित वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक हवा, उरलेल्यात मर्लो आणि तानात चालतात, आणि ती फक्त लालच असते.

हाच माल्बेक १८५३च्या सुमारास अर्जेंटिनातल्या मेंदोसाला गेला आणि तिकडे इतका फोफावला की आज अनेकांना तो तिथलाच वाटतो. काओरचा माल्बेक अधिक कडक आणि तुरट असतो, आणि त्याचे कारण मळ्यात उभे राहून समजते. काओरच्या पश्चिमेला लुझेश, पार्नाक, प्रेसाक, प्वी-लेव्हेक या गावांभोवती नदीच्या वळणांत पायऱ्या-पायऱ्यांची जमीन आहे. सर्वांत खालच्या पायरीवर गाळ, तिथली वाइन फळाळ आणि लवकर पिण्याजोगी. वरच्या पायऱ्यांवर गोटे आणि चिकणमाती, तिथे रंग गडद होतो. सर्वांत वर कॉसची चुनखडी, तिथे उत्पन्न कमी, आंबटपणा ताजा, आणि बाटली दहा वर्षे सहज थांबते. एकाच बागाईतदाराकडे या तिन्ही जमिनींच्या वाइन क्रमाने चाखाव्यात. मळ्यांमधून जाणाऱ्या पायवाटांना पिवळी खूण असते, तिने सकाळी चालत जाऊन मग तळघरात उतरावे.

चव घेण्याचे शिष्टाचार सोपे आहेत. लहान मळ्यात आधी फोन करावा, दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ आणि रविवार टाळावा, तोडणीच्या दिवसांत फार वेळ मागू नये. वाइन तोंडात फिरवून भांड्यात थुंकणे हे तिथे नेहमीचे आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. मोटार चालवणाऱ्याने थुंकलेच पाहिजे, कारण रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नवख्या चालकांना ०.२. निघताना एखादी बाटली विकत घ्यावी. आपण वाइन घेत नसाल तरी बाग पाहायला जरूर जा. मी द्राक्षबागाईतदार आहे असे सांगितल्यावर तिकडचा शेतकरी तळघर सोडून आधी आपल्याला ओळींमध्ये घेऊन जाईल.

बागाईतदार_निफाड

फार आभारी आहे. पणत्यांची गोष्ट नवीन कळली. आम्हीही कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या करतो आणि पाणी सोडतो, पण आमच्याकडे तेव्हा मणी भरलेले असतात, डोळे नव्हे. या उत्तरातला जमिनीच्या पायऱ्यांचा भाग आमच्या गावच्या गटात वाचून दाखवणार आहे.

छोटे_पाय

आमच्याबरोबर आठ आणि अकरा वर्षांची मुले असतील. त्यांना इतके चालवणार नाही. पाण्यातले काही करता येईल का, आणि गुहा मुलांना दाखवाव्यात का?

तुलूझकर

जरूर. सेले नदीत उन्हाळ्यात पाणी संथ आणि उथळ असते, मार्सियाक किंवा काब्रेरेच्या बाजूला कनू भाड्याने मिळतात. पोहता येणाऱ्या मुलांना जीवरक्षक जॅकेट घालून घेऊन जाता येते. वल्हवत खाली जायचे आणि तिथून गाडीने परत आणून सोडतात. खुद्द लॉतवर राहण्याची सोय असलेली बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते. वाटेतली जलकपाटे आपल्या हातांनी चालवायची असतात, आणि अकरा वर्षांच्या मुलाला तेवढे एक काम दिवसभर पुरते.

गुहांपैकी काब्रेरेजवळची पेश मेर्ल आधी दाखवा. ती १९२२ मध्ये गावातल्या किशोरवयीन मुलांनी शोधली, हे आपल्या मुलांना आधी सांगून ठेवावे. ठिपक्यांचे दोन घोडे आणि त्यांच्याभोवती हातांचे ठसे हे चित्र सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे आहे. लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेची आता प्रतिकृती पाहावी लागते, इथे मात्र आपण मूळ भिंतीसमोर उभे राहतो. म्हणूनच दिवसाला ७०० माणसांनाच आत सोडतात आणि छायाचित्रे काढू देत नाहीत. उन्हाळ्यात तिकीट बरेच आधी घ्यावे. आत १२ अंशांच्या आसपास थंडी असते, स्वेटर न्यावा. उत्तरेला पादिराकची ७५ मीटर खोल विवराकार दरी आहे, तिच्या तळाशी भूमिगत नदीतून नावेने नेतात. मुलांना पादिराक अधिक आवडेल, तुम्हाला पेश मेर्ल.

युराप्रेमी

लॉतचे कौतुक वाचून आनंद झाला, परंतु पायी भटकंती, चीज आणि वाइन या तिन्हींचा मेळ हवा असेल तर पूर्वेकडच्या युरा प्रदेशाचेही नाव घ्यायला हवे. तिथे कोंते चीज आहे, एरिसों नदीचे धबधबे आहेत आणि सावान्यें द्राक्षाची ‘पिवळी वाइन’ आहे. ती पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ यीस्टच्या पातळ थराखाली मुरते आणि ६२ सेंटिलिटरच्या वेगळ्याच बाटलीत भरली जाते. डिसेंबरात जायचे असेल तर तिथे बर्फावरचे चालणेही आहे. हिवाळ्यात लॉतमध्ये काय असते?

सह्यवाटा

युरा सुंदरच आहे, आणि त्यावर आपण स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती करतो. कोंतेच्या वेगवेगळ्या वयांवर मला वाचायचे आहे.

हिवाळ्यात लॉतमध्ये बरेचसे वाटसरू-निवास बंद असतात, त्यामुळे सलग चालत जाणे अवघड होते. तेव्हा काओरला राहून लहान फेऱ्या कराव्यात. वालांत्रे पुलापासून नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर चढणारी वाट आहे. १३०८ मध्ये सुरू झालेला हा तीन बुरुजांचा पूल आणि नदीच्या वळणात बसलेले शहर वरून एकत्र दिसते. डिसेंबर ते मार्च दर मंगळवारी दुपारी काओरच्या दक्षिणेला लाल्बँक गावात काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळिंबीचा, बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला लांब बाकांवर शेतकरी टोपल्या मांडून उभे राहतात, समोर दोर बांधलेला असतो, आणि इशारा झाल्याशिवाय कोणीही खरेदीदार दोर ओलांडत नाही. दर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून हळूच दाखवतात, आणि बघता बघता टोपल्या रिकाम्या होतात. वेळेआधी जाऊन टोपल्यांवर वाकून वास घ्यायला कोणाची हरकत नसते. घाऊक खरेदी आटोपली की एखाद्या शेतकऱ्याकडे लहानसा तुकडा मागावा. तो अंड्यांबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवला की अंड्यांना कवचाबाहेरून वास लागतो. सकाळी त्यांचे साधे ऑम्लेट करावे आणि वर ट्रफल किसावे.

अन्नपूर्णाताई, अंडे न खाणाऱ्या सासूबाईंसाठी तोच तुकडा लोण्यात किसून गरम पावावर लावता येईल.